भेग पडल्याशिवाय सही नाही

“कुळकर्णी, ही जमीन बसतेय.”

परांजपे साहेब भर उन्हात शेताच्या मधोमध उकिडवे बसले होते. समोर एक भेग होती. त्यांनी खिशातली फूटपट्टी तिच्यात उभी घातली. पट्टी संपली, बोटंही आत गेली, तरी तळ लागला नाही. ते उठले, पँटवरची माती झटकली आणि आजूबाजूला पाहिलं. त्या तुकड्यात सगळीकडे तशाच भेगा होत्या.

“आजच्या आज बुजवून घ्या. मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, वरून रोलर. रोलर मूर्तिजापूरहून निघालाय. सकाळी कॅम्पवर कळलं तेव्हाच मी निरोप धाडला.”

कॅम्पवर त्यांना सांगणारा मीच. ‘साहेब, दोन नंबरच्या साइटवर भेगा पडल्या’ असं मी अगदी आनंदानं सांगितलं होतं.

“बुजवायच्या नाहीत, साहेब,” मी म्हणालो. “या भेगा पडाव्यात म्हणून मी वर्षभर खपलोय.”

ऊन लागलेल्या माणसाकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ही साठ सालानंतरची गोष्ट. मी शेतकी खात्याचा माणूस. अमरावतीत वाढलो. घरात सगळे वकील, मी एकटाच शेतकी कॉलेजात गेलो. त्या वेळी चाळिशी ओलांडली होती आणि मला डेप्युटेशनवर, म्हणजे उसनवारीनं, एका दुसऱ्या खात्यात पाठवलं होतं. हे खातं कोळसा शोधत होतं. आमच्याकडे परतवाड्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, कोळसा ज्या जातीच्या खडकात सापडतो तसा खडक थोडा उघडा पडलेला आहे. तोच खडक दक्षिणेकडे पूर्णा नदीच्या सपाटीखाली शिरतो का, आणि शिरत असेल तर त्यात कोळसा आहे का, एवढंच पाहायचं होतं. त्यासाठी अमरावती-अकोल्याच्या शेतांमधून ठिकठिकाणी भोकं पाडायची. कोळसा लागला तर खाण. नाही लागला तर रिग उचलून पुढच्या गावी.

रिग म्हणजे ड्रिलिंगचं यंत्र. ते पुढे गेलं की मागे जी जमीन राहते ती माझी. माझ्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, काम थोडक्यात असं: जमीन पूर्वीसारखी करून द्यायची आणि मालकाची सही घ्यायची. सही मिळाल्याशिवाय त्या गावात दुसरं भोक पाडायचं नाही, असं करारात होतं. मला याद्या करायची सवय आहे. कॅम्पवर मला मागून ‘यादीवाले’ म्हणत. म्हणोत. यादीत नसलेलं काम होत नाही, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

ड्रिलिंगनं शेताचं काय होतं ते शहरातल्या वाचकाला ठाऊक नसतं. भोक मनगटाएवढं असतं. लोकांना वाटतं, एवढ्याशा भोकानं काय बिघडणार? पण भोक पाडायला चिकणमाती पाण्यात कालवून ती आत सोडत राहावी लागते, नाहीतर भोकाच्या भिंती ढासळतात. त्या कालवणाला ड्रिलर लोक ‘मड’ म्हणतात. मडसाठी शेतात खड्डे खणतात. खड्डे खणताना वरची काळी माती आणि खालची चुनखडीची पांढरी माती एकत्र होते. डिझेल सांडतं. ट्रक, पाइप, तंबू, माणसं यांनी आजूबाजूची जमीन तुडवून तुडवून फरशी होते. आणि आमच्या भागात वर आणखी एक गोष्ट. पूर्णेच्या काठाचा हा सगळा पट्टा खारपाणाचा. विहीर खणली तर पाणी लागतं, पण खारं. ड्रिलरना पाणी हवंच असतं. त्यांनी तेच खारं पाणी वापरलेलं. ज्या पाण्यानं इथला शेतकरी कधी कपाशीची पऱ्हाटी भिजवत नाही, ते महिनोन्‌महिने एका जागी मुरलं.

दोन नंबरची साइट टाकळीच्या गिरजाबाई राऊत यांच्या शेतात होती. अगदी मधोमध, सगळ्यांत चांगल्या जमिनीत. गिरजाबाईंचे यजमान दर्यापूरला शिक्षक, म्हणून गाव त्यांना मास्तरीणबाई म्हणे. त्यांनी आयुष्यात कुणाला शिकवलं नव्हतं. म्हणजे शाळेत नव्हतं. शेती त्या एकट्या पाहत. दिरांनी ‘सरकारी लोकायले रानात घेऊ नोको’ असं बजावलं होतं. यांनी घेतलं. देशाचं काम आहे म्हणाल्या आणि जागा दिली. मग पीक गेलं, वर त्या तुकड्याचा तवा झाला, आणि दीर रोज धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाता-येता हसू लागले.

मी येण्याआधी ड्रिलिंगवाल्यांनी तो तुकडा आपल्या परीनं ‘पूर्वीसारखा’ करून दिला होता. म्हणजे खड्डे बुजवले, वर माती ओढली, सपाट केलं. टेनिसचं मैदान वाटावं इतकं सपाट. मग सहीचा कागद घेऊन गेले. गिरजाबाईंनी कागद परत केला. पुन्हा गेले, पुन्हा परत. मग मला पाठवलं.

मी गेलो तेही असेच उन्हाळ्याचे दिवस. सगळं शेत भेगाळलेलं आणि मध्ये हा तुकडा. वर पांढुरकी पापडी, घोटल्यासारखा गुळगुळीत. एक भेग नाही.

“कागद आणला का?” त्यांनी लांबूनच विचारलं.

“आणला नाही. आधी पाहायला आलो.”

“मंग बसा. कागद आणते त्याले मी बसायले सांगत नाई.”

मी बसलो. काय हवंय, ते विचारलं.

“मले काय पायजे ते त्या रानाले विचारा. भाऊ, तुमी इकडचेच ना? मंग तुमाले काय सांगू! चैत सरला, वैशाख लागला, अन् त्याले एक भेग नाई. मेलेल्या माणसाच्या कपाळावर कदी आठी पडते का? तसं झालं माह्या रानाचं.”

“भेग पडली तर सही कराल?”

“भेग पडली का सही करीन. नाई त नाई. मंग तुमचा दिल्लीचा साहेब आला तरी नाई.”

मी हे लगेच लिहून घेतलं. ज्या कामाचा शेवट कसा ओळखायचा हे कुणीच सांगत नाही, अशी कामं मी फार केली आहेत. इथं मालकीणच मोजमाप देत होती. तेही बरोबर मोजमाप.

बरोबर कसं, तर आपली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आक्रसते. आक्रसली की भेगा पडतात. उन्हाळ्यात वरची भुसभुशीत माती वाऱ्यानं, ढोरांच्या पायानं त्या भेगांमध्ये पडते. पावसाळ्यात पहिलं पाणी भेगांतून थेट खोल जातं. मग माती फुगते आणि भेगा आपोआप मिटतात. दरवर्षी असं होतं. म्हणजे ही माती स्वतःच स्वतःला वरखाली करते. जिला भेग पडत नाही ती माती ना पाणी पिते, ना श्वास घेते. तिच्यात ज्वारीही उभी राहत नाही. हे मी कॉलेजात शिकलो होतो आणि त्याच्या आधी आमच्या घराच्या मागच्या पडीत जागेत पाहिलंही होतं. पण ही जमीन ‘पूर्वीसारखी’ झाल्याची खूण म्हणून वापरता येईल, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

मग यादी केली. सगळी इथं देत नाही.

आधी भोक. ते वरून लाकडी खुंटी ठोकून आणि माती टाकून बंद केलेलं होतं. मी ते उघडायला लावलं, आत पाइप तळापर्यंत सोडले आणि तळापासून वरपर्यंत पातळ सिमेंट भरून घेतलं. खालचं खारं पाणी वर चढायचा रस्ता बंद. ड्रिलिंगचा फोरमन कुरकुरला, सिमेंट वाया जातंय म्हणाला. मी म्हटलं, वाया जाऊ दे.

मग मडचे खड्डे पुन्हा उकरले. आतला चिखल, डिझेलचा वास असलेली माती, दगडाचा चुरा, सगळं गाड्या भरून पांदणीच्या कडेच्या जुन्या मुरमाच्या खाणीत नेऊन टाकलं. पांदण म्हणजे दोन्ही बाजूंना धुरे असलेली शेतातली गाडीवाट. मग तुडवलेली जमीन. साध्या वखराची पास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, तिच्यावर नुसती घसरत होती. मोठा लोखंडी नांगर आणला, त्याला बैलांच्या जोड्यांवर जोड्या लावल्या. पहिल्या दिवशी नांगराचा फाळ वाकला. दुसरा आणला. ढेकळं निघाली ती विटांसारखी.

मातीतला खार सैल करायला जिप्समची पूड टाकली. ही एक पांढरी खनिज पूड असते. खारामुळे माती घट्ट बसते, जिप्सम तिला मोकळी करतं, आणि मग पावसाचं पाणी तो खार धुऊन खाली नेतं. गावतळ्याचा गाळ आणून वर पसरला. आणि शेवटी ते टेनिसचं मैदान मोडलं. गिरजाबाईंच्या शेताला पूर्वेकडे बारीकसा उतार होता. डोळ्याला दिसत नाही, पाण्याला दिसतो. तो परत काढून दिला. पावसाळ्यात ताग पेरला आणि फुलावर येताच जमिनीत गाडला. दिवाळीनंतर काही पेरलं नाही. गिरजाबाई रोज येऊन पाहत. फार बोलत नसत. एकदा म्हणाल्या, “तुमची यादी संपली का भाऊ, का माह्या तेराव्याचं सामान बी त्याच्यात हाय?”

यादी संपली होती. आता उन्हाची वाट पाहायची होती.

मधल्या काळात आमचे कॅम्पचे प्रमुख बदलले आणि परांजपे साहेब आले. मूळचे पुण्याचे, पण सगळी नोकरी बिहारकडच्या कोळसाखाणींत झालेली. माणूस सरळ. हिशेबाला चोख, कामाला वाघ. वऱ्हाडी बोलणं मात्र त्यांना भांडणासारखं वाटे. शिपायानं ‘च्या घेता का?’ विचारलं तरी ते दचकत.

पूर्णेकाठचा उन्हाळा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. आणि त्या उन्हाळ्यात, बरोबर वैशाखात, दोन नंबरच्या तुकड्याला भेगा पडल्या. आधी केसाएवढ्या. मग बोट जाईल एवढ्या. मी रोज सायकलनं जाऊन पाहत होतो. त्या दिवशी सकाळी पाहून आलो, साहेबांना आनंदानं सांगितलं, आणि पुढचं सगळं घडलं.

“तुम्ही जमीन बसताना पाहिलीय का कधी?” परांजपे साहेबांनी मला त्या शेतात विचारलं.

“नाही.”

“मी पाहिलीय. आधी अंगणात एक भेग पडते. बायका शेणानं सारवून घेतात. पुन्हा पडते. पुन्हा सारवतात. मग एक दिवस अंगणच राहत नाही. खालची खाण खचलेली असते. मी तिथं ढिगारा उपसायला होतो, कुळकर्णी. तुम्ही नव्हता.”

ते खोटं बोलत नव्हते. कोळशाच्या मुलखात जमिनीची भेग म्हणजे खाली मरण. तिथं नियमच आहे: जमिनीवर भेग दिसली की तत्काळ भरा. तो नियम खात्याच्या स्थायी सूचनांमध्ये छापलेला होता आणि स्थायी सूचना आम्हालाही लागू होत्या.

“पण साहेब, इथं खाण कुठाय? खाली पोकळी असेल तर जमीन बसेल. आपण मनगटाएवढं भोक पाडलं, तेही मी सिमेंटनं भरलंय.”

“सिमेंट बसलं असेल. भोवतालची माती ओढली जात असेल.”

“मग या.” मी त्यांना धुऱ्यापलीकडे नेलं. तिथल्या शेतात आमचा माणूस कधी शिरला नव्हता. तिथल्या भेगा आमच्या भेगांच्या दुप्पट होत्या. एकीत तर कुणाची तरी चप्पल अडकली होती.

मला वाटलं, प्रश्न मिटला. साहेब त्या भेगेकडे बराच वेळ पाहत राहिले.

“म्हणजे हेही बसतंय,” ते म्हणाले. “गाव किती लांब आहे इथून?”

मी कपाळाला हात लावला. हे असं होईल हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. ते आता गाव रिकामं करायचा विचार करत होते.

एवढ्यात गिरजाबाई आल्या. डोक्यावरून पदर, हातात विळा. त्यांनी आमच्याकडे पाहिलंही नाही. सरळ तुकड्यात गेल्या, एका भेगेजवळ बसल्या आणि हात आत घातला. कोपरापर्यंत गेला. बांगड्या अडल्या म्हणून थांबला. हात बाहेर काढून त्यांनी बोटांना लागलेली माती चुरली, वास घेतला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून हसल्या.

“कागद आना भाऊ.”

“बाई,” परांजपे साहेब म्हणाले, “या भेगा बुजवायच्या आहेत. मुरूम येतोय, रोलर येतोय.”

“काय येऊन राह्यलं?”

“मुरूम. म्हणजे जमीन पक्की होईल.”

“पक्की?” गिरजाबाई उठल्या. “साहेब, तुमाले रस्ता बांधाचा का माह्या रानातून? काहून पक्की करता? पक्की त तुमच्या लोकायनं करूनच ठेवली होती! ह्या भावानं वर्षभर हाडं झिजवून ते मोकळी केली, अन् आता तुमी मुरूम घालता?”

“तुमच्याच जिवाच्या काळजीनं सांगतोय.”

“तुमच्या तिकडची जमीन मानसं गिळत असन. आमची पानी पिते. तोंड उघडल्याशिवाय कशी पियाची?”

साहेब माझ्याकडे वळले. “कुळकर्णी, ही चर्चा संपली. मी ऑर्डर लिहून देतो.”

“लिहा साहेब. मी त्याखाली लिहीन की मी हे करणार नाही.”

“कारण?”

“काळ्या मातीत एकदा मुरूम रोलरनं दाबला की तो निघत नाही. तुमची माझी नोकरी संपेल, मुरूम तिथंच राहील. यांच्या शेताच्या काळजात.”

“मग दुसऱ्याकडून करून घेतो.”

“बघा,” मी म्हणालो. एवढंच.

ते रागानं पायीच कॅम्पकडे निघाले. मजूर आणि मुरमाचा ट्रक घेऊन परत येणार हे उघड होतं. आम्हा दोघांना घेऊन आलेली कॅम्पची जीप मीच चालवत आणली होती, किल्ली माझ्याकडे होती. मी ती घेतली आणि पांदणीत शिरलो. पांदणीत एक जागा अशी आहे की दोन्ही बाजूंनी धुरे उंच, बैलगाडी गेली की माणसानं चिकटून उभं राहायचं. तिथं जीप आडवी लावली, किल्ली खिशात घातली आणि चालत परत आलो. नोकरीत मी अशी गोष्ट आधी कधी केली नव्हती. करताना मला छान वाटलं, हे इथं नमूद करतो.

थोड्या वेळानं धापा टाकत रोलर आला. चालवणारा रहमानभाई, मूर्तिजापूरचा. जीप पाहून त्यानं इंजिन बंद केलं.

“साब, गाडी खराब झाली का?”

“नाही. मी लावलीय.”

“हटवणार कधी?”

“नाही हटवणार.”

त्यानं विचार केला. “मंग मी बाभळीखाली पडतो. साहेबायचं काय ठरलं त मले उठवा. नाई ठरलं त बिलकुल उठवू नका.” आणि तो खरोखरच झोपला. रोलरमागून आलेला मुरमाचा ट्रकही तिथंच अडकला.

परांजपे साहेब परत आले ते धुऱ्यावरून, काट्यांतून. तापलेले.

“सरकारी रस्ता सरकारी गाडीनं अडवलात! याचा अर्थ कळतो ना तुम्हाला?”

“कळतो. साहेब, मला उद्या सकाळपर्यंत वेळ द्या. एक करून दाखवतो. त्यानंतर तुम्ही म्हणाल तर जीप मी स्वतः काढतो आणि राजीनामाही देतो.”

“काय करून दाखवणार?”

“खाण खचून पडलेली भेग कधी आपोआप मिटते का?”

ते थबकले. “नाही. रुंदावते.”

“पाणी ओतलं तर?”

“आणखी रुंदावते. पाणी खाली जातं, माती धुऊन नेतं. हे काय विचारताय?”

“मग आपण या भेगेत पाणी ओतू. तुम्ही म्हणता तसं असेल तर सकाळी इथं विवर असेल. तुम्ही भेग निवडा.”

माणूस सरळ होता असं मी वर म्हटलं, ते उगाच नाही. त्यांनी विचार केला आणि स्वतः फिरून मनगट जाईल अशी एक भेग निवडली, आमच्याच तुकड्यातली, जुन्या भोकाच्या सगळ्यांत जवळची. दोन्ही काठांवर स्वतः खुंट्या ठोकल्या, मधलं अंतर मोजलं आणि तिथंच खुंटीवर पेन्सिलीनं लिहिलं. मी भेगेभोवती मातीचं छोटं आळं केलं.

पाणी गोडंच हवं होतं. खारं घातलं तर माझंच काम मी मातीत घालणार. गोडं पाणी म्हणजे टँकरनं येणारं, नाहीतर गावातल्या एकाच विहिरीचं, रांग लावून आणलेलं. गिरजाबाईंना मी एक घागर मागितली.

“गोडं पानी? भेगेत?” त्या म्हणाल्या. “त्यापेक्षा तुमच्या साहेबाच्या डोक्यावर घाला. तिथं जास्त गरज हाय.”

साहेबांना हे कळलं. ते खुंटीवर लिहिलेला आकडा पुन्हा वाचू लागले. मी कॅम्पवरून माझ्या वाट्याचा आंघोळीचा ड्रम मागवला. पांदण मीच अडवल्यामुळे तो डोक्यावरून, डबे भरभरून आणावा लागला. आम्ही ओततच राहिलो आणि भेग पितच राहिली. दर डब्याला परांजपे साहेब दोन पावलं मागे सरकत. शेवटी गिरजाबाई घरी गेल्या आणि एक घागर घेऊन आल्या. ती आळ्यात ओतली.

सकाळी आम्ही गेलो तेव्हा त्या आधीच येऊन बसल्या होत्या. आळ्यातली माती फुगून वर आली होती. विवर नव्हतं. भेगही नव्हती. तिच्या जागी एक ओली रेघ होती, दोऱ्याएवढी. परांजपे साहेबांनी खुंट्यांमधलं अंतर मोजलं. कमी झालं होतं. पुन्हा मोजलं. मग त्यांनी बुटाच्या टाचेनं त्या रेघेवर दाबून पाहिलं, आधी हळू, मग सगळं वजन टाकून. काही झालं नाही.

“दोन्ही ओठ जवळ आलेत,” ते स्वतःशीच म्हणाले.

“पुन्हा वाळलं का पुन्हा उघडन,” गिरजाबाई म्हणाल्या. “दरसाल तेच करते ते. आमचे पंजोबा होते तवापासून.”

साहेब म्हणाले, “कुळकर्णी, स्थायी सूचनेत काळ्या मातीबद्दल काही लिहिलेलं नाही.”

“नाही साहेब.”

“म्हणजे मी नियम मोडतोय.”

“हो साहेब.”

“जीप काढा. रोलरला जाऊ द्या.” आणि पुढे, माझ्याकडे न पाहता, “सरकारी वाहन अडथळा म्हणून उभं केल्याबद्दल तुम्हाला मेमो मिळेल. तो मी मागे घेणार नाही.”

“नका घेऊ,” मी म्हणालो. मेमोला मला काही हरकत नव्हती. ते मी केलंच होतं.

रहमानभाईला उठवायला गेलो तर तो म्हणाला, “इतक्या लवकर ठरलं?”

सही गिरजाबाईंनी पांदणीतच केली, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून. पूर्ण नाव लिहिलं, प्रत्येक अक्षर सुटं. दीर धुऱ्यावर उभे होते. त्यांच्याकडे पाहत त्या मोठ्यानं म्हणाल्या, “घ्या साहेब, रान मिळालं मले.” मग लगेच बैल आणून त्यांनी तुकड्यावरून वखर फिरवला. पास घसरली नाही. बाकीच्या शेतात जशी चालते तशीच चालली. तुकडा कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो हे मलाही नीट सांगता आलं नसतं. त्या हंगामात तिथं पऱ्हाटी लागली.

मेमो आला. मी उत्तर लिहिलं: जीप मीच आडवी लावली, जाणूनबुजून लावली, तशी वेळ आली तर पुन्हा लावीन. मजकूर एवढाच. त्यावर वरून बोलावणं आलं, शब्द सौम्य करा म्हणाले. केले नाहीत. डेप्युटेशन वाढवलं नाही, मी शेतकी खात्यात परत आलो. जाण्याआधी टाकळीत आणखी एका भोकाला गावानं परवानगी दिली. कोळसा लागला नाही. दगड लागला, खारं पाणी लागलं, कोळसा नाही.

परांजपे साहेबांनी मात्र माझ्यामागे एक गोष्ट केली. आमच्या भागापुरती एक सूचना काढली: काळ्या जमिनीत रोलर वापरू नये, आणि जमीन परत देण्याची वेळ मालकाच्या सल्ल्यानं उन्हाळ्यात ठरवावी. माझं नाव त्यात नव्हतं. असायचं कारणही नव्हतं.

पुढं मी अनेक ठिकाणी काम केलं आणि अनेक चुकीचे हुकूम पाहिले. माझा अनुभव असा की चुकीचा हुकूम बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी मुलखात बरोबर ठरलेला असतो. म्हणून तो देणाऱ्यावर रागावू नये. आणि तो पाळूही नये.